दोन हात

मोठी विकली. परतवाड्याचा आरामशीनवाला आला,
टायरला लाथ मारून पाहिली,
बॉनेटवर हात फिरवला, म्हैस घेताना फिरवतात तसा,
म्हणाला, "भाऊ, जनावर चांगलं आहे,
पण पेते लय."

पीत होतीच. तेरा वर्षं डिझेल पाजलं
आणि तिने वाहिलं ते असं:
ढेपेची पोती, थ्रेशरचा पट्टा,
गिरजाचं अडलेलं बाळंतपण रात्री दोनला,
पूर्णेच्या पुलावर पाणी बंपरला टेकलेलं,
आणि चार नवरदेव. एकाचं मोडलं,
त्यात गाडीचा दोष नाही.

सीटखाली निघाले तुरीचे दाणे, उगवून वाळलेले,
धाकटीची क्लिप,
दर्यापूर कोर्टाच्या एका तारखेची चिठ्ठी.
नलूने चिठ्ठी वाचली आणि गुडघे धरून
ओट्यावर बसली.

त्या गुडघ्यांसाठीच ही लहानी.
मोठीत चढायला तिला प्लास्टिकचा स्टूल लागायचा.
लग्नघरी, दवाखान्यापुढे, चारचौघांत
मीच ठेवायचो, मीच उचलायचो
आणि ती दुसरीकडे बघायची.

लहानी दारात उभी राहिली तर पोट्टे हसले,
"काकाजी, गरम पान्यानं धुतली का?
आटून गेली ना!"
मीही हसलो. मग आत बसलो, खांदा दाराला लागला,
आणि वाटलं, आटलो असेन मीच.
पूर्वी वरून दिसायची ती कपाशी
आता डोळ्यांत डोळे घालून बघत होती.

पण चारही चाकं ओढतात हिची.
शोरूममध्ये हे मी तीनदा विचारलं.
अकोल्याच्या त्या टाय लावलेल्या पोराला
कसं सांगावं, आमच्याकडे चिखल नसतो,
माती असते. ती जोडा मागते
आणि परत देत नाही.

आणि पांदण.
गावात टॉवर आला, डांबर आलं,
पांदण राहिली बंडीच्या मापाची.
मोठीला दोन हात जास्त लागत होते,
ते मी अंबादासच्या धुऱ्यातून मागितले.
तो म्हणाला, आज्यानं टाकलेला धुरा, हलणार नाही.
मी म्हणालो, पांदण सरकारी आहे.
मोजणी आली, वकील आले, स्टे आला,
ती पट्टी नऊ वर्षं पडीत.
मधे त्याची आई गेली. मी रस्त्याच्या
या बाजूलाच उभा राहिलो.
बाभळींनी तोवर गाडीच्या दोन्ही अंगांवर
लिहायचं ते लिहून ठेवलं.

हस्ताचं पाणी पडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी
लहानी पांदणीत घातली.
छोटी दांडी ओढली. इंजिन कण्हलं,
मागचं चाक घसरलं, पुढच्याने धरून ठेवलं.
काटे हात पसरून उभे, हाती काही लागेना.
"हळू," नलू म्हणाली. मग म्हणाली,
"अवो, जाते ना हे!"

धुऱ्यावर अंबादास, पाठीला फवारणीचा पंप.
त्याने गाडी पाहिली, मग धुरा,
मग मधली जागा.
नलूने दार उघडलं
आणि एक पाय, मग दुसरा,
सरळ जमिनीवर ठेवला.

"वहिनी," तो म्हणाला.
मला नाही, तिला.
मग त्या पडीत पट्टीवर पावलं मोजली,
टाच, अंगठा, टाच.
"हे दोन हात तर उरलेच," तो म्हणाला,
"काय पेरू आता याच्यात?"

तारीख एकवीसला आहे,
असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.
"अंबाडी टाका," नलू म्हणाली,
"भाजी आम्हीबी नेऊ."

तो हसला की उन्हाने डोळे बारीक केले,
सांगता येत नाही.
मी गाडी तिथल्या तिथे वळवली.
मोठी असती
तर त्याच्या तुरीत शिरावं लागलं असतं.